जपानमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून जावं का? (चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी)

लेक्चर_बेसिस (डिचोली)

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातली, वय २७. एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते, तेही लेक्चर बेसिसवर, म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर येईस्तोवर जीव टांगणीला. बी.ए. इंग्रजी आणि बी.एड. झालंय. जपानमधल्या सरकारी शाळांना इंग्रजीचे सहायक शिक्षक, म्हणजे एएलटी, पुरवणाऱ्या एका कंपनीने ऑनलाइन मुलाखत घेतली आणि निवड झाल्याचं कळवलंय. पगार महिना २ लाख ३० हजार येन. जागा कागोशिमा जिल्ह्यात. "नेमकं गाव नंतर कळवू" म्हणतात.

व्हिसासाठी बारा वर्षं इंग्रजीतून शिक्षण झालेलं लागतं म्हणे. मी चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होते, पाचवीपासून इंग्रजी. मग मी त्यात बसते का? आणि तिथे खरोखर शिकवायला मिळतं की नुसती गाणी म्हणून नाचायचं? यूट्यूबवर बघावं तर सगळे चेरीची फुलं आणि रामेन दाखवतात, शाळा कोणीच दाखवत नाही. आमच्याकडे गोमांस चालत नाही, सोमवारी नुस्तं, म्हणजे मासेसुद्धा नाहीत, त्याचं काय होतं? महिन्याकाठी हाती काही उरतं का?

बाबा गप्प आहेत. मावशी मात्र रोज फोन करून आईला सांगते की आता स्थळं बघायची वेळ, आता कसलं जपान.

कोणी प्रत्यक्ष राहून आलेलं असेल तर सांगा.

पेडणेकर

आधी एक सांगा, कंपनीने पैसे मागितलेत का? 'सीओई' नावाचं पात्रतेचं प्रमाणपत्र असतं. ते जपानच्या इमिग्रेशनकडून काढायचं काम तुम्हाला नोकरी देणाऱ्याचं. ते हाती आलं की मुंबईच्या जपानी वकिलातीचा व्हिसा. गोवा त्यांच्याच अखत्यारीत येतो. सीओईची मुदत तीन महिने. 'सीओईची फी' म्हणून कोणी लाखभर मागायला लागला तर तो एजंट समजा आणि फोन ठेवा. आमच्या वाड्यावरचा एक जण असाच पैसे देऊन बसलाय, अजून म्हापशातच आहे.

लेक्चर_बेसिस

नाही, एक रुपयाही मागितला नाही. विमानाचं तिकीट मात्र माझं मी काढायचं.

कवळेकरीण (फोंडा)

अगं, मी २०१८ ते २०२२ कागोशिमातच होते, तेही असल्याच कंपनीतर्फे. तुझा प्रश्न बघून राहवलं नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बस.

बारा वर्षांचं आधी सांगते. मीही चौथीपर्यंत सरकारी मराठी प्राथमिक शाळेतच. नियम म्हणतो, जी भाषा शिकवायची त्या भाषेतून बारा किंवा जास्त वर्षं शिक्षण. पाचवी ते बारावी आठ, बी.ए. तीन, बी.एड. दोन, झाली तेरा. माझ्या कंपनीने हायस्कूल, हायर सेकंडरी, कॉलेज आणि बी.एड. कॉलेज अशा चारही ठिकाणांहून 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' अशी शिक्क्याची पत्रं मागितली. माझी चालली. तुझ्या कंपनीला हे आत्ताच, चौथीपर्यंतचं न लपवता विचार, म्हणजे अर्ज भरताना ती वर्षं कशी मांडायची ते तेच सांगतील. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणाले होते, असलं पत्र आजवर कोणी मागितलं नाही, मसुदा तूच करून आण. ही पत्रं मिळवण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो, जपान सरकारकडून नंतर एवढा लागत नाही. गणेश चवथीच्या आधी कामाला लाग, नाहीतर ऑफिसात कोणी सापडणार नाही.

आता कामाचं. तू बी.एड. केलेली, वर्ग सांभाळलेली मुलगी, म्हणून स्पष्ट सांगते. तिथे तू मदतनीस. वर्ग जपानी शिक्षकाचा, मार्क त्याचे, जबाबदारी त्याची. आणि हे शाळेगणिक इतकं बदलतं की कंपनीलाही ठाऊक नसतं. माझ्याकडे एक माध्यमिक शाळा आणि डोंगरातल्या तीन-चार प्राथमिक शाळा होत्या. माध्यमिकमध्ये मी पुष्कळदा चालतं-बोलतं टेपरेकॉर्डर. सर म्हणायचे "रिपीट आफ्टर", मी वाक्य वाचायचं, पोरांनी म्हणायचं, मग सर व्याकरण जपानीतून समजावणार आणि मी खिडकीपाशी उभी. हायस्कूल प्रवेशाची परीक्षा डोक्यावर असते, त्यामुळे त्या सरांनाही दोष देता येत नाही. आपल्याकडे दहावीच्या वर्गात पोर्शन सोडून गप्पा मारायला कोण देतो?

प्राथमिक शाळेत उलटं. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला, वर्षाला ७० तास, मार्कांसकट. तिसरी-चौथीला ३५ तास, नुसती बोलण्याची तोंडओळख. वर्गशिक्षकांतल्या बऱ्याच जणांना इंग्रजी बोलायची धास्ती, म्हणून तास तुझ्या हाती सोपवून ते मागे उभे राहतात. मला तिथेच मजा आली. खरेदी-विक्रीच्या धड्याला मी बाजार मांडला. कागदी बांगडे, तारल्या, सुंगटां, भाव लिहिलेल्या पाट्या, आणि म्हापशाच्या बाजारात चालते तशी घासाघीस. वर्गशिक्षिका बिचारी गोंधळली, कारण तिथे दुकानात कोणी भाव पाडून मागत नाही. पोरं मात्र "टू मच! टू मच!" करत जी पेटली, की शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले. पुढे दर वर्षी त्या शाळेत बाजार भरला.

त्या डोंगरातल्या शाळांनी मला घर आठवायला लावलं. पोरं इतकी कमी की तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकच बाई दोन्ही वर्ग घेणार, अर्ध्यांची तोंडं या फळ्याकडे, अर्ध्यांची त्या. तू सरकारी मराठी शाळेतून आलीयस, तुला वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे बारा पोरांच्या शाळेलाही व्यायामशाळा होती, पोहण्याचा तलाव होता, आणि संगीताच्या खोलीत पियानो. त्यातली एक शाळा मी असतानाच बंद झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला अख्खा गाव आला होता, नव्वदीच्या आज्यासुद्धा, कारण त्याही तिथेच शिकलेल्या.

आपल्या लोकांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. पहिल्या दिवशी स्वतःची ओळख करून द्यायची असते. मी ताजमहाल, साडी, हत्ती वगैरे काही न नेता गोव्याचा नकाशा नेला. सहावीच्या वर्गात 'गोवा' म्हटल्याबरोबर एक पोरगा ओरडला, "झाबिएरु!" आणि सगळ्यांनी डोक्याच्या मध्यावर हात ठेवून टक्कल दाखवलं. सेंट फ्रान्सिस झेवियर. छातीवर हात आडवे घेतलेलं, वर बघणारं त्याचं चित्र त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात असतं आणि पोरांना तो माणूस त्या केशरचनेसाठी पाठ असतो. झेवियर १५४९ मध्ये जपानात उतरला तो कागोशिमालाच, आणि त्याच्याबरोबर जो आंजिरो होता तो मूळ कागोशिमाचा, गोव्यात येऊन ख्रिस्ती झालेला. त्यांना विचारायचं होतं की त्याचं शव खरंच अजून तुमच्याकडे आहे का. आहे म्हटलं, ओल्ड गोव्याला, दहा वर्षांनी दर्शनाला काढतात. मग तासभर दुसरा विषय नाही. शांतादुर्गेच्या देवळाच्या आवाजावर उठणारी मी, आणि तिथे माझी ओळख काय, तर 'गोंयच्या सायबा'च्या, म्हणजे झेवियरच्या गावची बाई.

शाळेचा दिवस म्हणशील तर सव्वाआठच्या आत स्टाफरूममध्ये. दारात बूट काढून शाळेतली वेगळी पायताणं घालायची, ती स्वतःची घेऊन जा. मोठ्या पायाला बायकांच्या मापाची तिथे पटकन मिळत नाहीत. सगळे शिक्षक एकाच दालनात समोरासमोर टेबलं लावून बसतात, मध्ये उपमुख्याध्यापक, फोन वाजला की तेच उचलणार. दुपारी जेवण पोरांबरोबर वर्गात. पोरंच पांढरे डगले-टोप्या घालून वाढतात, सगळ्यांच्या पुढ्यात सारखं ताट आणि २०० मिलीचं दूध, मग भात असो की मासा. जेवल्यावर दात घासणं, मग सगळी शाळा मिळून झाडलोट, संडाससुद्धा. तू हातात फडका घेतलास की पोरं आपणहून बोलायला लागतात. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी मला जिना पुसता पुसता इंग्रजीत सगळं सांगायची.

रिकामे तास मात्र बरेच आणि ते टेबलाशी बसूनच काढायचे. कोणी आपणहून गप्पा मारत नाही. तुसडेपणा नसतो तो, प्रत्येकाच्या मानेवर काम बसलेलं असतं. संध्याकाळी तू साडेचारला निघतेस तेव्हा बाकी सगळे बसलेलेच, आणि "तुमच्या आधी जाते, माफ करा" हे ठरलेलं वाक्य त्या सगळ्यांना म्हणून निघायचं. पहिले काही महिने मला ते म्हणताना चोरट्यासारखं वाटे. नंतर वाटेनासं झालं.

खाण्याचं. महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचा जेवणाचा तक्ता मिळतो, घटकांसकट. गाय आणि डुक्कर ही दोन चित्रलिपी अक्षरं पहिल्या आठवड्यातच पाठ कर. मी तक्त्यावर लाल पेनाने खुणा करायचे आणि त्या दिवशी डबा न्यायचे. ॲलर्जीवाली पोरं डबा आणतातच, कोणाला वावगं वाटत नाही. जेवणाचे पैसे भरावे लागतात, माझ्या वेळी एका ताटाला ३०० येनच्या आत. सोमवारचं मात्र कठीण आहे गो. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात दाशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. मी आईला फोनवर विचारलं, आईने भटजींना विचारलं, आणि परदेशात असेपर्यंत सोमवार माफ झाला. तू तुझं बघ.

बाकी नुस्त्याच्या बाबतीत आपल्यासारख्या माणसाने तक्रार करायला जागाच नाही. बांगडा, तारली, पेडवे, सगळं ताजं, आणि संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केटात अर्ध्या किमतीचे स्टिकर लावतात. नारळाचं दूध डब्यातलं वापरायचं, सोलां (आमसुलं) आणि सुकी मिरची घरून न्यायची. एक शोध लागला तो फुकटात देते: तेफळां (तिरफळं) संपली की सांशो घे. ते लोक ईलवर भुरभुरवतात ती पूड. एकाच कुळातली झाडं आहेत दोन्ही, जिभेला तीच झिणझिण. पूर्ण तेफळांचा वास नाही येत, पण बांगड्याच्या हुमणाची इज्जत राहते. मी राहायचे त्या ओसुमीच्या बाजूला ईल माशाची शेती खूप, त्यामुळे सांशो प्रत्येक दुकानात. चोरीस, म्हणजे आपलं गोव्याचं सॉसेज, वगैरे काही नेऊ नकोस कोणासाठी, मांसाचे पदार्थ विमानतळावरच काढून घेतात.

'नेमकं गाव नंतर कळवू' याला घाबर. कागोशिमा शहरात पडलीस तर ट्राम आहे, सगळं आहे. मला ओसुमी द्वीपकल्पावर टाकलं, खाडीच्या पलीकडे. तिथली रेल्वे १९८७ मध्येच बंद झालेली, बस दिवसातून मोजक्या. गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. शहरात जायचं तर तारुमिझुहून फेरीबोट, पाऊणएक तास, बोटीवर गरम उदोन, म्हणजे जाड शेवयांचं सूप, मिळतं आणि लोक तेवढ्यासाठी रांग लावतात. समोर साकुराजिमा ज्वालामुखी धूर सोडत बसलेला. राख कुठे पडणार ते वाऱ्यावर, टीव्हीवर हवामानात साकुराजिमाच्या माथ्यावरचा वारा वेगळा सांगतात. उन्हाळ्यात शहरवाल्यांचे हाल, हिवाळ्यात राख आमच्या बाजूला. कपडे वाळत घातले की आधी डोंगराकडे बघायचं. शहरात तर राख गोळा करायला पालिका पिवळ्या पिशव्या देते.

कचऱ्याचंही तिथे शास्त्र आहे. आमच्या शेजारचं ओसाकी गाव माझ्या वेळी कचरा २७ प्रकारांत वेगळा करायचं, देशात नाव आहे त्यांचं. आमच्याकडे तितके नव्हते, तरी चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी कचरागाडी उचलत नाही. ती लाल चिठ्ठी लावून तिथेच राहते आणि सगळी गल्ली बघते. आपल्या साळगावचा कचरा प्रकल्प बघून कौतुक करणाऱ्यांना एकदा तिथे न्यायला पाहिजे.

पैसे. माझा पगार तुझ्याहून थोडा कमी होता. खोलीचं भाडं तिकडे स्वस्त, ४० हजारांच्या आसपास. पण गाडीचा हप्ता, विमा, पेट्रोल सगळं माझं. ऑगस्टमध्ये शाळा बंद, तर कंपनी त्या महिन्याचा पगार कापून देई, डिसेंबर आणि मार्चअखेरीलाही तसंच. तुझ्या करारात हे आहे का ते शोध, बारीक अक्षरात असतं. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर साधारण १० टक्के. पहिल्या वर्षी हा कर नसतो म्हणून लोक खुशीत असतात आणि दुसऱ्या वर्षी तोंड वाकडं करतात. सगळं जाऊन चांगल्या महिन्यात मी ५०-६० हजार येन मागे टाकायचे. लाखांची स्वप्नं बघून जाऊ नकोस, येन आता पूर्वीसारखा राहिला नाही.

परत येताना पेन्शनमध्ये भरलेले पैसे काही प्रमाणात एकरकमी परत मागता येतात. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज, आणि २०२१ पासून जास्तीत जास्त पाच वर्षांचा हिशेब धरतात. त्यातून २०.४२ टक्के कर कापतात, तोही जपानातल्या कोणाला तरी प्रतिनिधी नेमून परत मागता येतो. माझ्या शाळेतल्या निवृत्त बाईंनी माझ्यासाठी ते केलं, नाहीतर सोडूनच दिले असते.

मावशीचं उत्तर माझ्याकडे नाही. मी आल्यावर माझ्यासाठी आलेल्या पहिल्या स्थळाने विचारलं होतं की जपानी येतं तर जपानी कंपनीत जास्त पगार का नाही घेत. दुसऱ्याने काही विचारलं नाही, त्याच्याशी लग्न केलं.

मडगावकर_एडोगावा

कवळेकरीण ताईंनी छान लिहिलंय, पण मी थोडा विरोधी सूर लावतो. मी तोक्योत, नीशी-कासाईच्या जवळ राहतो, बरीच वर्षं झाली. आधी एएलटी होतो, मग एइकाइवा, म्हणजे आपल्या ट्यूशन क्लाससारखी इंग्रजी संभाषणाची खासगी शाळा. दुपारी एकला जायचं, रात्री नऊला सुटायचं, सुटी रविवार-सोमवार. संध्याकाळी आधी बालवाडीतली पोरं, मग शाळकरी, शेवटी ऑफिसातून थकून आलेले काका लोक. त्यातला एक काका आठवडाभराची सगळी भडास माझ्यापाशी इंग्रजीत काढायचा, घरी बोलत नसेल बहुतेक. एइकाइवात शिकवणं तुमचं असतं हे खरं, पण विद्यार्थी म्हणजे गिऱ्हाईक. पुस्तकं खपवायचा तगादा असतो, आणि पोराने क्लास सोडला तर मॅनेजर तुमच्याकडे बघतो.

तुम्ही बी.एड. आहात. मग सहायक म्हणून का जाता? तोक्यो-योकोहामात सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत, पहिली २००४ सालची. आता तर तिथे जपानी आई-बापही पोरं घालतात, इंग्रजी माध्यम स्वस्तात पडतं म्हणून. तिथे तुम्ही पूर्ण शिक्षिका, वर्ग तुमचा. भारतातून बी.एड. झालेले शिक्षक ते घेतात. काम भरपूर, कौतुक कमी, पण शिकवायचं समाधान मिळेल. इथे मराठी माणसंही ढिगाने आहेत. पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये आमच्याच एडोगावात नगरसेवक म्हणून निवडून आले, आणि पुढे इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. गणपतीत मोदक मिळतात. ओसुमीत मोदक सोडा, बोलायला माणूस मिळायचा नाही.

एएलटीच व्हायचं तर जेट प्रोग्राम बघा. १९८७ पासून जपान सरकार चालवतं, भारतातूनही घेतात, थोडेच. विमानभाडं ते देतात. पहिल्या वर्षाचा पगार ३३ लाख ६० हजार येन होता, २०२५ पासून ४० लाख २० हजार केलाय. तुमच्या ऑफरशी ताडून बघा. एक वर्ष थांबावं लागेल एवढंच. पाच वर्षांहून जास्त मात्र राहता येत नाही.

कवळेकरीण (फोंडा)

जेटचं एकशे एक टक्के बरोबर. पण "बोलायला माणूस मिळायचा नाही" हे नाही पटत. २०२० मध्ये मार्चच्या सुरुवातीला सगळ्या देशातल्या शाळा एकदम बंद केल्या, आणि पुढे काही महिने असे होते की जपान सोडून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्या रहिवाशांनाही परत घेत नव्हते. आजोबा गेले तेव्हा मी येऊ शकले नाही. त्या दिवसांत शेजारची आजी रोज दारात काहीतरी ठेवून जायची, रताळी, मुळे, कधी नुसतं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आलं. तिची बोली तिच्या मुलालाही धड कळायची नाही, मला तर अजिबात नाही. तरी आम्ही पायरीवर बसून तासन्तास बोलायचो. शहरात राहिले असते तर मराठीतच राहिले असते, हे माझं मत. ज्याला जे हवं ते.

आणि शाळा उघडल्यावर पोरं सगळी फळ्याकडे तोंड करून, एक शब्द न बोलता जेवायची. तो नियम फार दिवस टिकला. गप्प जेवणारे वीस-पंचवीस दहा वर्षांचे जीव बघणं, ते नको बाबा पुन्हा.

गुरुजी_वाळपई

लेक्चर बेसिस बाय, मी सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो, आता निवृत्त. जपानातलं मला काही कळत नाही. इथलं सांगतो, ते कोणी सांगणार नाही. परत येऊन सरकारी जागेला अर्ज करणार असशील तर पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो. बाहेर राहिलेला काळ कसा धरतील ते जाण्यापूर्वी मामलेदार कार्यालयात विचार, आणि रेशनकार्ड, मतदारयादी यातलं नाव जपून ठेव. वयाची अट अजून लांब आहे, त्याची काळजी नको. कोकणीचं ज्ञान अनिवार्य, मराठी असेल तर बरं, हे तुला ठाऊक असेलच.

लेक्चर बेसिसची वर्षं पुढे कायम करताना धरतील या आशेवर अनेक जण बसलेत. धरतीलही. माझ्या पुतणीने त्या आशेवर तिशी ओलांडली. मी तिला थांब म्हणालो नव्हतो, जा असंही म्हणालो नव्हतो. तू मात्र हेडमास्तरांना रजा न मागता राजीनामा दे. बिनपगारी रजा लेक्चर बेसिसला नसते, उगाच भांडण करून जाऊ नये. अनुभवाचा दाखला निघतानाच घे, नंतर माणसं बदलतात.

लेक्चर_बेसिस

सगळ्यांचे आभार. गुरुजी, रहिवासी दाखल्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्याच जाते. कवळेकरीण ताई, अजून दोन-तीन गोष्टी. माझे उच्चार आपल्या गोव्याचेच आहेत, त्यावर शाळेत कोणी काही बोलतं का? गाडी मला येते, पण इथे ॲक्टिव्हाच जास्त चालवलीय. आणि कंपनीला नेमके कुठले प्रश्न विचारू?

कवळेकरीण (फोंडा)

उच्चारांवर पोरं काही बोलत नाहीत. एका माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी सुरुवातीला मला अमेरिकन सीडीसारखं म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, म्हणून बघते, आणि वर्गात असं काही म्हटलं की पोरं हसून आडवी. नंतर त्यांनी विषय काढला नाही. सावकाश आणि स्पष्ट बोललीस की झालं. बऱ्याच वेळा आपलं इंग्रजी त्यांना ब्रिटिश माणसापेक्षा लवकर कळतं.

गाडीचं: तुमच्या आरटीओत आंतरराष्ट्रीय परवाना काढून जा, तो तिथे एक वर्ष चालतो. वाहनं डावीकडूनच, त्यामुळे हात बसलेला असतो. वर्षाच्या आत जपानी परवाना करून घ्यायचा, भारताला परीक्षेतून सूट नाही, आणि २०२५ पासून लेखी परीक्षा चांगलीच कडक केलीय, १० प्रश्नांच्या जागी ५०. प्रत्यक्ष चाचणीत आपली माणसं गचके खातात ती एकाच ठिकाणी. रेल्वे फाटक उघडं असलं, गाडीचा मागमूस नसला, तरी पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग निघायचं. आणि चाचणीत मान वळवून बघितलेलं परीक्षकाला दिसलं पाहिजे, नुसते डोळे फिरवून भागत नाही. पिवळ्या पाटीची छोटी गाडी घे, कर कमी पडतो आणि तिथल्या शेतातल्या वाटांवर मोठी गाडी मावत नाही.

कंपनीला विचार: शाळेशी तुमचा करार 'हाकेन' आहे की 'ग्योमु इताकु'. हे क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच. हाकेन असेल तर वर्गशिक्षक तुला सरळ काम सांगू शकतात. इताकु असेल तर कायद्याने शाळेने तुला थेट सूचना द्यायच्या नसतात, सगळं कंपनीमार्फत. मग एका वर्गात उभे असलेले दोन शिक्षक धडा कसा घ्यायचा हे एकमेकांशी ठरवू शकत नाहीत, असला प्रकार. पहिल्या वर्षी माझं तसंच होतं, आणि तो टेपरेकॉर्डरचा काळ बराचसा त्यामुळेच.

मग ऑगस्टचा पगार पूर्ण की कापून. आठवड्याचे तास किती आणि 'शाकाई होकेन', म्हणजे आरोग्य विमा नि पेन्शन, कंपनी अर्धी भरते का. पूर्वी मुद्दाम साडेएकोणतीस तासांचे करार करून ते टाळायचे. आता मोठ्या कंपन्यांना वीस तासांपासून भरावं लागतं, तरी विचारून घे. गाडी लागणार असेल तर ती कोणाच्या नावावर आणि पेट्रोल कोणाचं. आणि गाव. गाव सांगत नसतील तर निदान खाडीच्या या बाजूला की त्या बाजूला, एवढं तरी विचार. सगळं मेलवर, लेखी. फोनवर गोड बोलतात.

लेक्चर_बेसिस

मेल पाठवला आणि उत्तर आलं. करार हाकेन आहे. होकेन अर्धं ते भरणार. बारा वर्षांच्या हिशेबासाठी बी.एड.सकट सगळी पत्रं पाठवा म्हणाले, त्यांची माणसं बघून सांगतील. गाडी लागेल, तीही त्या बाजूला, तुमच्या ओसुमीतच. पेट्रोल किलोमीटरमागे देतात. ऑगस्टबद्दल लिहिलंय की "सविस्तर माहिती रुजू झाल्यावर देण्यात येईल". मावशीला अजून सांगितलेलं नाही.

कवळेकरीण (फोंडा)

ऑगस्टचा आकडा लेखी आल्याशिवाय सही करू नकोस. दोनदा तेच उत्तर आलं तर जेटचा अर्ज भर, तो शरद ऋतूत निघतो, दिल्लीच्या दूतावासाच्या साइटवर बघ. दोन्ही एकदम चालू ठेवायला कोणाची ना नाही. आणि गाव ओसुमीतलं कुठलं ते कळलं की मला निरोप कर, तिकडच्या एका बाईंकडे माझी इस्त्री आणि तांदळाचा कुकर अजून आहे, तुला देऊन टाकायला सांगते.